आईचं पिवळं कार्ड

दिव्यांग प्रमाणपत्राचा ऑनलाइन अर्ज भरताना एक रकाना येतो, दिव्यांगत्वाचा प्रकार निवडा. २०२३ च्या जूनमध्ये रात्री साडेअकराला, आई एकदाची झोपल्यावर, मी तो रकाना उघडला आणि वरपासून खालपर्यंत दोनदा वाचून काढला. अंधत्व आहे, कर्णबधिर आहे, सिकलसेल आहे, हिमोफिलिया आहे, पार्किन्सन आहे. डिमेन्शिया नाही, अल्झायमर नाही, स्मृतिभ्रंश हा शब्दही नाही. २०१६ च्या कायद्यानं आधीच्या ७ प्रकारांचे २१ केले, ही चांगलीच गोष्ट झाली, पण माझ्या आईला जे झालंय ते त्या २१ मध्ये नावानिशी कुठंच नव्हतं. मी लॅपटॉप बंद केला आणि झोपले. म्हणजे आडवी झाले, कारण आई तीन वाजता उठते.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं मास्तरीण होती, त्यातली निम्म्याहून जास्त पहिलीच्या वर्गावर. आमच्या तालुक्यात पन्नाशीच्या आसपासचं कुणीही भेटलं की म्हणतं, मला अ आ इ बाईंनीच शिकवलं. बाबा २०१७ ला गेले तेव्हापासून ती एकटी राहायची, माझं घर चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे तसं एकटी नव्हेच. पहिल्यांदा काय झालं ते आता मागे वळून बघताना कळतं, तेव्हा कळलं नव्हतं. लॉकडाऊनमध्ये ती एकच गोष्ट दिवसातून चारदा विचारायची, पेन्शनचं पासबुक तांदळाच्या डब्यात सापडलं, कुकर तीनदा जळला. साठी बुद्धी नाठी असं आपल्याकडे म्हणतात ना, तसंच आम्हीही म्हटलं आणि सोडून दिलं. मग २०२१ च्या दिवाळीत तिनं शंकरपाळ्याच्या पिठात साखरेऐवजी मीठ घातलं आणि मी काही बोलायच्या आत रडायलाच लागली, म्हणाली मला काहीतरी होतंय गं, मला कळतंय पण सांगता येत नाही. ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. आजार आहे हे आमच्या आधी तिला कळलं होतं.

तपासणीला शहरात न्यूरोलॉजिस्टकडे नेलं, एसटीनं दोन तास. आधी बी१२, थायरॉईड, मग एमआरआय. डॉक्टर म्हणाले बी१२ कमी असलं किंवा थायरॉईड बिघडला तरी असं विसरायला होऊ शकतं, आणि ते बरं होतं, म्हणून ते आधी बघायचं. मी आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे मागितलं की आईचं बी१२ कमी निघू दे. नाही निघालं. मग प्रश्नांची चाचणी झाली. शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर आई ९३, ८६, ७९, ७२ असं धडाधड म्हणत गेली, पावकी-निमकीच्या पिढीतली बाई ती, डॉक्टरही बघत राहिले. पण आत्ता ऋतू कुठला विचारलं तर म्हणाली हिवाळा, आणि बाहेर धो धो पाऊस पडत होता, आमच्या छत्र्या दारात ठिबकत होत्या. घड्याळ काढायला सांगितलं तर गोल सुंदर काढला आणि सगळे आकडे एका बाजूला दाटीवाटीनं लिहिले. शिकलेली माणसं अशा चाचणीत बरेच दिवस तग धरतात, त्यामुळे घरच्यांना आणि कधीकधी डॉक्टरांनाही उशिरा कळतं, असं डॉक्टर म्हणाले. अल्झायमर. डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, हा एक प्रकार. डोनेपेझिलची गोळी सुरू झाली आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं की यानं गेलेलं परत येणार नाही, उतरण थोडी सावकाश होईल एवढंच.

प्रमाणपत्राचं मला सुचलं नव्हतं. ओपीडीबाहेर बसलेल्या एका काकांनी सांगितलं, त्यांच्या बायकोला हाच आजार, ते म्हणाले ताई कार्ड काढून ठेवा, आत्ता उपयोग दिसणार नाही पण पुढं प्रत्येक ठिकाणी कागद मागतात. आणि पुढे फॉर्म त्या रकान्याशी अडला तेव्हा काय निवडायचं तेही त्यांनीच सांगितलं, मानसिक आजार. मग मी कायद्यातली व्याख्या शोधून वाचली. विचार, मनःस्थिती, आकलन, दिशा-काळाचं भान किंवा स्मरणशक्ती यात मोठा बिघाड आणि त्यामुळे निर्णयशक्ती, वागणूक, रोजच्या जगण्याच्या गरजा भागवण्याची ताकद यावर परिणाम, असा तिचा अर्थ आहे. स्मरणशक्ती हा शब्द त्यात आहे. म्हणजे कायद्यानं आईला बाहेर ठेवलेलं नाही, दार आहे, फक्त त्यावर तिच्या आजाराची पाटी नाही.

दादाला फोन केला तर तो भडकला. आईच्या नावावर वेडाचा कागद करणार तू? सगळा तालुका ओळखतो तिला. मला त्याचा राग आला आणि वाईटही वाटलं, कारण तोच विचार माझ्याही पोटात होता. आपल्याकडे मानसिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे काय येतं ते आपल्याला माहीत आहे. मी त्याला व्याख्या वाचून दाखवली, तो गप्प बसला पण हो म्हणाला नाही. मग गणपतीला आला, आठ दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी आईनं त्याला चहा दिला आणि विचारलं, आपण कुणाकडे आलात? त्या रात्री तोच म्हणाला, भर तो फॉर्म.

दिव्यांग बोर्ड आठवड्यातून एकदा बसतं, आमच्याकडे बुधवारी. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांशी माझं भांडण नाहीये, गर्दी इतकी आणि माणसं इतकी कमी की मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं मलाही माहीत नाही. पण जे झालं ते सांगायला हवं. पहिल्या बुधवारी साडेसातला रांगेत लागलो, टोकन ६४. अकराला आई उठून चालायला लागली, शाळेला उशीर होतोय म्हणून. बाथरूमला न्यायचं तर रांग सुटते, रांग धरायची तर आईला कोण सांभाळणार. मागच्या एका मुलीनं, तिच्या लहान भावाला सेरेब्रल पाल्सी होतं, तिनं माझी जागा धरली. दीडला खिडकीशी पोचलो तर सांगितलं हा मेंदूचा आजार आहे, न्यूरोकडून लिहून आणा. न्यूरोचं पद तिथं रिकामं. मी शहरातल्या डॉक्टरांचे सगळे कागद दाखवले, ते खाजगी आहेत म्हणे. दुसऱ्या बुधवारी दुसऱ्या खिडकीवरच्या माणसानं सांगितलं की हे मानसोपचार विभागात होतं, न्यूरोचं काही नको. मग तिकडे गेलो तर त्यांनी मूल्यमापनासाठी पुढची तारीख दिली. तीन खेपा, प्रत्येक खेपेला आईचे पुढचे दोन दिवस खराब, रात्रभर जागी, कपडे काढून टाकायची, मला मारायची सुद्धा. घर बदललं, आवाज वाढला, अनोळखी माणसं आली की या आजारात माणूस बिथरतो, हे वैद्यकीय पुस्तकात लिहिलेलं आहे आणि ज्या माणसाला असं होतं त्यालाच आपण चार-चार तास रांगेत उभं करतोय. बोर्डातला एक जण महिन्यातून एकदा अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी गेला तर किती जणांचं भलं होईल.

तिसऱ्या खेपेला मानसोपचार विभागात एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी आधी आईला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला आणि नमस्कार बाई म्हणाल्या, त्यांना कागदावरून कळलं होतं की शिक्षिका होत्या. मोजमाप करायची जी पद्धत आहे तिला आयडियाज म्हणतात, त्यात चार गोष्टी बघतात. स्वतःची काळजी स्वतः घेता येते का, माणसांशी संबंध कसे आहेत, बोलणं आणि समजणं कसं आहे, आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, शिवाय आजार किती काळापासून आहे त्याचे गुण, सगळे मिळून वीस. सात किंवा जास्त झाले की ४० टक्के आणि त्यावरचं दिव्यांगत्व धरतात. हे सगळं त्यांनी मला नीट समजावून सांगितलं.

पण उत्तरं मला द्यायची होती, आईसमोर. अंघोळ स्वतः करतात का? नाही. कपडे? उलटे घालते, सांगावं लागतं. संडासला? मी आईकडे बघितलं नाही, खाली फरशीकडे बघून उत्तर दिलं. जिनं मला चड्डी घालायला शिकवलं तिच्याबद्दल तिच्याच समोर हे बोलायचं, आणि कमी बोललं तर गुण कमी पडणार, म्हणजे ती जितकी वाईट स्थितीत आहे तितकं स्पष्ट बोलायचं. अर्धं तिला कळत होतं. मध्येच ती म्हणाली, हिला विचारू नका, ही लहान आहे. मग कामाचा प्रश्न आला, घरात काय काम करतात? मी काही नाही म्हणाले आणि त्याच वेळी आईनं पर्समधून एक जुनं वहीचं पान काढलं आणि हजेरी घ्यायला लागली. आडनाव आधी, मग नाव, एका दमात तेरा-चौदा मुलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवला आणि पूर्ण होईपर्यंत थांबल्या. मागे ४० पेशंट होते तरी थांबल्या. त्यांचं नाव लिहायची परवानगी मी घेतलेली नाही, नाहीतर मोठ्या अक्षरात लिहिलं असतं.

बारा गुण, प्रमाणपत्रावर ६० टक्के. दोन महिन्यांनी पोस्टानं कार्ड आलं, पिवळं. ४० ते ८० ला पिवळं असतं, ८० च्या वर निळं, ४० च्या खाली पांढरं. आईनं ते हातात घेऊन बघितलं आणि फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, या कोण?

आता कार्डाचा उपयोग काय, हे दादानं विचारलं आणि बऱ्याच जणांनी विचारलंय. खरं सांगायचं तर थेट असं थोडंच आहे. कुणी जुन्या करप्रणालीत टॅक्स भरत असेल तर ८०डीडी खाली अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी ७५ हजारांची वजावट आहे, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. उपचाराच्या खर्चासाठी ८०डीडीबी वेगळं, त्याच्या नियमांतल्या आजारांच्या यादीत मात्र डिमेन्शिया नावानं आहे, ज्येष्ठांसाठी मर्यादा एक लाख. मला हे वाचून फार विचित्र वाटलं, की टॅक्सच्या नियमाला हा आजार माहीत आहे आणि दिव्यांगांच्या फॉर्मला नाही. एसटी तर पंचाहत्तरीनंतर तशीही मोफत आहे. निराधारच्या योजना आईला लागू नाहीत, पेन्शन आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं वय वंदना कार्ड सुरू झालं, तेही काढलं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. पण ते हॉस्पिटलात ॲडमिट झालं तर. आई ॲडमिट होत नाही. तिला कॉटची गरज नाहीये, तिला दिवसभर कुणीतरी सोबत हवंय. मी सकाळी नऊ ते सहा ऑफिसला असते, त्या वेळेसाठी ज्या मावशी येतात त्यांना दिवसाला ५५० देते, डायपर वेगळे, गोळ्या वेगळ्या, आणि हा सगळा खर्च कुठल्याही योजनेत बसत नाही. सरकारचा वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा कॉट धरल्या आहेत. कॉट मोजून योजना होते. सोबतीला बसलेलं माणूस कुणी मोजत नाही, आणि हा आजार तर सगळा सोबतीचा आहे.

पेन्शनचं वेगळं प्रकरण. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. २०२२ ला आईनं बँकेत जाऊन सही केली, सही जुळली नाही. ती बाई जिनं हजार मुलांचं अक्षर वळवलं तिची सही जुळेना, तीनदा केली, तीनही वेगळ्या. मग मशीनवर बोट, बोटं झिजलेली, आली नाहीत. चेहऱ्यावरून करायचं ॲप आहे, त्यात डोळ्यांची उघडझाप करा म्हणून सूचना येते, आईला डोळे मीट म्हटलं की ती मिटते आणि मग उघडतच नाही, झोपायचंय असं समजते. शेवटी अंगठा. मी तिचं बोट धरून शाईच्या पॅडवर टेकवलं, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या. बँकेतला शिपाई तिचा विद्यार्थी, तो दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. मी घरी येऊन बराच वेळ तिचा अंगठा साबणानं धूत बसले होते.

मग तिथल्या साहेबांनी मला बाजूला घेऊन अगदी चांगल्या मनानं सांगितलं, ताई, मॅडमना काय झालंय ते मला लेखी सांगू नका, सांगितलं की खातं थांबवावं लागेल. म्हणजे आईची पेन्शन आईच्या खात्यात येत राहणार, आणि आईच्या औषधाला ती काढायची तर आईला काही झालेलं नाही असं सगळ्यांनी धरून चालायचं. एफडी मोडायची होती तेव्हा तेही जमलं नाही. मी नॉमिनी आहे, पण नॉमिनीचा हक्क माणूस गेल्यावर. माणूस आहे पण तो व्यवहार करू शकत नाही, अशा मधल्या वर्षांसाठी आपल्याकडे फॉर्मच नाही.

वकिलांकडे गेले. त्यांनी सांगितलेलं लिहिते, कारण हे कुणालाही आधी माहीत नसतं. कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं असतं तरी उपयोग नव्हता, करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते त्या दिवशीच. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्यात कलेक्टरच्या समितीकडून पालकत्व मिळतं, पण ते स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी, डिमेन्शिया त्यात नाही. जुन्या १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची सोय होती, २०१७ चा नवा कायदा आला त्यात उपचारासाठी नामनिर्देशित प्रतिनिधी आहे, पैशासाठी काही नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मर्यादित पालकत्व आहे पण बँक ते मानेल याची वकिलांना खात्री नव्हती. उरला रस्ता हायकोर्टाचा, घटनेच्या कलम २२६ खाली याचिका, कोर्ट स्वतः पालकाच्या भूमिकेत जाऊन घरच्यांपैकी कुणाला नेमतं. बापरे, मी म्हटलं, आईची स्वतःची एफडी मोडायला हायकोर्ट?

तरी केलं. मुंबईला चार खेपा, दादाचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, आईची सरकारी डॉक्टरांकडून पुन्हा तपासणी, आणि इथं त्या पिवळ्या कार्डानं पहिल्यांदा खरं काम केलं, कारण सरकारी बोर्डाचा कागद आधीपासून होता. २०२४ मध्ये अर्ज आणि सात महिन्यांनी आदेश, खातं मी चालवायचं, हिशेब ठेवायचा, घर विकायचं झालं तर परत कोर्टाला विचारायचं. योग्यच आहे, आईचं आहे ते. आता ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच झालंय, आमच्या बाजूच्या लोकांची मुंबईची वारी तरी वाचेल. पण खर्च? माझा एकूण जेवढा झाला तेवढा ज्यांच्याकडे नाही त्यांनी काय करायचं? ते तेच करतात जे साहेबांनी सुचवलं, गप्प राहतात. ज्यांचं अजून हातात आहे त्यांना एवढंच सांगते की निदान झाल्यावर माणसाला कळतंय तोवर, त्याच्या स्वतःच्या इच्छेनं, खातं दोघांच्या नावावर करून घ्या, मृत्युपत्र आणि उपचाराचा प्रतिनिधी तेव्हाच ठरवा. आईनं स्वतः मला सांगितलं होतं की मला काहीतरी होतंय. तेव्हा आम्ही शंकरपाळ्यांचं नवीन पीठ मळत बसलो.

आता शेवटचा भाग, ज्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं. याच सगळ्या धावपळीत मला कळलं की नगरपालिका आणि ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. आमच्या नगरपरिषदेत तो पैसा बहुतेक साहित्य आणि थेट मदत यात जातो, ती हवीच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मला वाटलं यातून दुपारचं एखादं डे केअर का होऊ नये? एक हॉल, दोन मावशी, एक रजिस्टर, आणि माणूस बाहेर निघून जाणार नाही असं दार. केरळनं हे केलंय, २०१४ मध्ये त्या राज्यानं डिमेन्शियासाठी स्वतंत्र कार्यक्रम हातात घेतला, तिथल्या सामाजिक सुरक्षा मिशनची स्मृतिपथम नावाची योजना आहे, त्यात डे केअर आणि निवासी केंद्रं आहेत. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या देशांनी २०१७ ला ठरवलं होतं की २०२५ पर्यंत चारपैकी तीन देशांकडे तरी डिमेन्शियाचं धोरण असावं. ते जमलं नाही, आता मुदत २०३१ पर्यंत नेलीय. आपल्याकडे देशपातळीवर वेगळा आराखडा अजून नाही. मग आराखडा येईपर्यंत आपल्या गावात एक हॉल तरी.

तहसीलला लोकांच्या तक्रारी ऐकायला लोकशाही दिन असतो, महिन्याचा तिसरा सोमवार. मी अर्ज लिहून नेला, तालुक्यात डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी सोय करावी अशी मागणी. खिडकीवरच्या बाईंनी वाचला आणि म्हणाल्या ताई, इथं धोरणाची मागणी चालत नाही, वैयक्तिक तक्रार लागते. मग तिथंच बाकावर बसून परत लिहिला. माझ्या आईला, वय ७६, ६० टक्के दिव्यांग, दिवसा सुरक्षित राहण्याची सोय उपलब्ध नाही. तो चालला. २० जानेवारी २०२५ ला सुनावणीला बोलावलं. अधिकारी सभ्य होते, ऐकून घेतलं, आणि मग एकच प्रश्न विचारला, असे तालुक्यात किती आहेत?

मला उत्तर देता आलं नाही, तिथं बसलेल्या कुणालाच देता आलं नाही. नोंदीत आई मानसिक आजारात आहे, त्यात स्किझोफ्रेनियावालेही आहेत, बायपोलरवालेही आहेत, वेगळं काढायचं कसं? आणि नोंद झालेले तरी किती, बहुतेक घरात आजीला भ्रम झालाय म्हणून कोपऱ्यात बसवलेलं असतं.

घरी येऊन हिशोब केला. आपल्या देशात झालेल्या लासी-डॅड या मोठ्या अभ्यासाचा आकडा २०२३ मध्ये आला, साठीच्या पुढच्यांत शंभरात साधारण साडेसात जणांना, देशात ८८ लाख. आमच्या गावात साठीच्या पुढची चार हजार माणसं धरली तरी तीनशेच्या आसपास होतात. तीनशे म्हणजे आईच्या जुन्या शाळेचा सगळा पट. मग आमच्या वॉर्डच्या आशाताईंना गाठलं, त्या म्हणाल्या सरकारी कामात हे नाही पण मी घरं ओळखते. दोन महिने रविवारी फिरलो. आम्ही निदान वगैरे करत नव्हतो, फक्त विचारायचो घरात कुणी खूप विसरतं का, वाट चुकतं का. पहिल्या घरात नाही म्हणायचे आणि आम्ही चप्पल घालायला लागलो की मागून सून यायची, ताई जरा थांबा. एका घरात आजोबांना दुपारी खाटेला बांधून ठेवत होते. मुलगा हमाली करतो, सून धुणीभांडी, आणि आजोबा दोनदा हायवेवर सापडले होते. सून माझ्यापुढे हात जोडून म्हणाली, आम्ही वाईट नाही हो. मी तिला काय सांगणार, मीही आईच्या खोलीला बाहेरून कडी लावलेली आहे, ज्या दिवशी मावशी आल्या नाहीत त्या दिवशी.

एका वॉर्डात एकोणीस घरं झाली. नावं नाही लिहिली, फक्त वय, बाई की पुरुष, निदान झालंय का, दिवसा सोबत कोण, कार्ड आहे का. निदान झालेले चार, कार्ड असलेलं एक, आमचंच. ती यादी जोडून २ जून २०२५ ला जिल्ह्याच्या लोकशाही दिनात परत अर्ज दिला, परत वैयक्तिक तक्रार म्हणूनच. या वेळी प्रश्न वेगळा आला, हॉल कुठला? नगरपरिषदेचं एक समाजमंदिर दुपारी रिकामं असतं, त्याचं नाव सांगितलं. मुख्याधिकाऱ्यांकडे पत्र गेलंय, ५ टक्के निधीच्या पुढच्या बैठकीत विषय घेऊ असं लेखी उत्तर आहे, बैठक अजून व्हायचीय. आशाताई शेजारच्या वॉर्डात सुरुवात करतायत. कुणाला आमच्यासारखं मोजायचं असेल तर आमचा तक्ता एक पानी आहे, मागा, पाठवते.

आई आता माझ्याकडेच असते. सकाळी बरी असते, त्यामुळे काही कागदाचं काम असेल तर अकराच्या आत उरकते, चारनंतर तिला घरी जायचं असतं आणि हे घर नाही असं ती म्हणते. त्या वेळी मी वाद घालत नाही, पिशवी घेते, चप्पल घालते, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. काल परत येताना समाजमंदिरापाशी थांबली, दार ढकलून बघितलं, कुलूप होतं. म्हणाली, आज शाळा बंद आहे वाटतं.